जपानी लोकांची बोलण्याची रीत
(ज्ञातीच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



संमेलनातील व्याख्यानासाठी विषय कोणता घेणार, असे चिटणिसांनी विचारले तेव्हा आम्ही जपानचे नाव घेतले. ते किंचित चकित झाले. ज्याचा जन्म मराठीचे व्याकरण शिकविण्यात गेला त्याने फार तर मोरोपंतांवर बोलावे, अशी त्यांची अपेक्षा असावी. परंतु आपल्याच ज्ञातीतील आठ-दहा घरांची मुलेमुली आज जपानात आहेत, आणि आणखी काहींची जाण्याची तयारी चालू आहे. भारत व जपान या दोन सरकारांमध्ये जानेवारी २०२१ मध्ये कुशल कामगारांविषयी करार झाला. तेव्हापासून संगणकाच्या अभियंत्यांखेरीज वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्या मुलामुलींनाही ते दार उघडले आहे. निवृत्तीनंतर आम्ही हौसेने जपानी भाषेचे वर्ग केले आणि कन्येच्या बिऱ्हाडी टोकियोत दोन खेपांत मिळून सहा महिने राहिलो. ज्यांच्या घरातून कोणी निघण्याच्या बेतात आहे त्यांच्या उपयोगी पडावे, एवढाच या भाषणाचा हेतू.

'जपानी लोक अत्यंत नम्र असतात', हे वाक्य आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ते खोटे नाही. पण त्यावरून कळत काहीच नाही. नम्रता हा जर एखाद्या लोकांचा स्वभाव असेल तर परक्याने तिचे कौतुक करावे आणि घरी जावे. ती जर रीत असेल तर मात्र ती शिकता येते, तिची कारणे विचारता येतात, आणि तिचे दोषही काढता येतात. आमच्या मते ती रीत आहे. आपल्याकडे बहामनी राज्य होते त्या सुमारास, म्हणजे त्यांच्या मुरोमाची काळात, ओगासावारा घराण्याने योद्ध्यांना धनुर्विद्येबरोबर बसण्या-उठण्याचे नियम शिकविण्याची परंपरा उभी केली; ती अद्याप चालू आहे. आजही दरवर्षी एप्रिलमध्ये नवे नोकर कामावर रुजू झाले म्हणजे पुष्कळ कंपन्या त्यांना प्रथम नमस्कार कसा करावा, दूरध्वनीवर काय बोलावे, हे शिकवितात. तिशीच्या आतील जपानी तरुणांस आपली आदरार्थी भाषा नीट येत नाही, ही तक्रार तेथील वडीलधारी माणसे आपल्या इतक्याच हिरिरीने करतात. जे उपजत असते त्याचे वर्ग कोण कशाला भरवील?

जाता जाता सांगावयास हरकत नाही की, या बाबतीत जपान्यांनी स्वतःचीही थोडी फसगत करून घेतली आहे. पावसात समोरून कोणी आले तर आपली छत्री बाजूस कलती करावी, यासारखे काही नियम 'एदो काळचे आचार' म्हणून लोकप्रिय झाले आणि शिक्षणखात्याच्या नीतिपाठांतही जाऊन बसले. पुढे मिनोरु हारादा नावाच्या लेखकाने २०१४ साली पुस्तक लिहून दाखविले की, या आचारांना एदो काळातील पुरावाच नाही; ते अलीकडे रचलेले आहेत. छत्री कलती करणे चांगलेच आहे. परंतु जुने म्हणून चांगले ठरविण्याचा मोह सगळीकडे सारखाच दिसतो.

आता प्रत्यक्ष बोलण्याकडे वळू, आणि घरापासून आरंभ करू, कारण तेथे आपल्याला परके असे काही वाटणार नाही. जपानी माणूस घरातून बाहेर पडताना 'इत्ते किमासु' म्हणतो. शब्दशः याचा अर्थ 'जाऊन येतो'. घरातले माणूस 'इत्तेराश्शाइ', म्हणजे 'जाऊन या', असे उत्तर देते. 'जातो म्हणू नये, येतो म्हणावे' असे आपल्या आजीने आपल्याला शिकविले नव्हते काय? जेवणाआधी ते 'इतादाकिमासु' म्हणतात. या क्रियापदाचा मूळ अर्थ डोक्यावर धारण करणे असा आहे. आपण प्रसाद घेताना तो मस्तकी लावतो, तोच भाव. जेवण झाल्यावर 'गोचिसोसामा'. यातील 'चिसो' या शब्दात धावपळ आहे. यजमानाने पाहुण्यासाठी जिन्नस गोळा करीत जी पळापळ केली तिचा हा उल्लेख होय. 'आरिगातो' म्हणजे मुळात असणे कठीण, अर्थात दुर्लभ. 'सुमिमासेन' हा शब्द तर दिवसातून शंभर वेळा कानी पडतो. वाट मागताना, क्षमा मागताना आणि उपकार मानतानाही तोच चालतो, कारण त्याचा रोख 'हे अजून फिटलेले नाही' असा आहे. ऋण फिटले नाही ही भावना क्षमा व आभार या दोहोंच्या मुळाशी असते, हे त्या एका शब्दाने ओळखले आहे. मित्राच्या दाराशी बूट काढताना 'ओजामा शिमासु', म्हणजे 'आपणांस अडथळा करतो', आणि कचेरीतून इतरांआधी निघताना 'आपल्याआधी जाण्याचा अविनय करतो' अशा अर्थाचे वाक्य. यातले काहीही उच्चारताना बोलणारा विचार करीत नाही. पत्राच्या आरंभी 'कृ. सा. न. वि. वि.' लिहिताना आपण तरी साष्टांग कोठे घालत होतो? परंतु ती अक्षरे गाळलेले पत्र वडिलांच्या हाती देण्याची छाती होत नसे.

येथपर्यंत सोपे आहे. खरी अडचण क्रियापदांपासून सुरू होते. आपल्याकडे तू, तुम्ही आणि आपण या तीन पायऱ्या आहेत आणि क्रियापद त्यांच्यामागून चालते. जपानी भाषेत क्रियापदच निराळे होते. 'खाणे' यासाठी साधा शब्द 'ताबेरु'. समोरच्या मान्य माणसाने खाल्ले तर 'मेशिआगारु', आणि त्याच्यासमोर आपण खाल्ले तर वर सांगितलेले 'इतादाकु'. 'म्हणणे' यासाठी साधा शब्द 'इउ'. ते म्हणाले तर 'ओश्शारु', आम्ही म्हणालो तर 'मोसु'. म्हणजे एकास वर चढविणारी आणि दुसऱ्यास, अर्थात स्वतःस, खाली उतरविणारी अशी दोन रूपे झाली. या सर्व व्यवस्थेस 'केइगो' म्हणतात. शाळांतून तिचे तीन प्रकार शिकवीत आले. २००७ साली त्यांच्या सांस्कृतिक परिषदेने मार्गदर्शिका काढून ते पाच केले. व्याकरणाच्या मास्तरास हे वाचून जो आनंद झाला तो विद्यार्थ्यांस झाला असेल असे वाटत नाही.

परंतु मुलांस खरोखर चकविणारी गोष्ट प्रकारांच्या संख्येत नाही. आपल्याकडे मान माणसाबरोबर फिरतो. वडील हे वडील. घरात बोलताना 'बाबा आले' आणि परक्यापाशी बोलतानाही 'बाबा आले'. कचेरीतील शिपाई बाहेरच्या माणसास 'साहेब बाहेर गेलेत' असेच सांगणार. जपानी भाषेत मान हा माणसाला चिकटलेला नसून जागेला चिकटलेला आहे. 'उची' म्हणजे आतले आणि 'सोतो' म्हणजे बाहेरचे. बाहेरच्या माणसाशी बोलताना आतले सगळे खाली उतरतात, मग ते वडील असोत वा कंपनीचे अध्यक्ष असोत. आईस हाक मारताना 'ओकासान', पण परक्याजवळ तिचा उल्लेख नुसता 'हाहा'. दूरध्वनीवर बाहेरून कोणी तानाका नावाच्या अधिकाऱ्याची चौकशी केली तर त्याच्या हाताखालची मुलगी 'तानाका जागेवर नाही' अशा थाटाचे, त्याला कोणताही बहुमान न लावता आणि नम्रतेचे क्रियापद वापरून, वाक्य बोलते. तोच तानाका समोर आला की तीच मुलगी कमरेत वाकते. आपल्या मुलास हे प्रथम उद्धटपणाचे वाटते, आणि तो 'तानाकासान' म्हणून मोकळा होतो. त्याने आपल्या साहेबाचा मान राखला खरा, पण बाहेरच्या माणसापुढे आपल्याच घराचा डंका वाजविला असा त्याचा अर्थ होतो. स्वतःच्या नावापुढे 'सान' लावणे हे याहून वाईट; स्वतःच स्वतःस 'श्रीयुत' म्हणवून घेण्यासारखे ते आहे. पूर्वी हा नियम फारच टोकास जात असे. पत्नीचा उल्लेख 'मूढ बायको' आणि मुलाचा उल्लेख 'डुकराचे पिल्लू' अशा अर्थाच्या शब्दांनी करणे हे लेखी भाषेत सभ्यपणाचे लक्षण मानीत. आता ते शब्द मागे पडले, ते बरेच झाले. नवऱ्यास मात्र पुष्कळ स्त्रिया अद्याप 'शुजिन', म्हणजे मालक, म्हणतात आणि त्यावर तेथे वाद चालतो. आपल्याकडच्या खेड्यांतून 'आमचे मालक' अजून ऐकू येतात, तेव्हा आपण त्यात न पडलेले बरे.

सरकारने ठरवून भाषा बदलत नाही याचेही एक उदाहरण येथेच आहे. महायुद्धानंतर, १९५२ साली, जपानच्या भाषा-परिषदेने सुचविले की, यापुढे आदर हा वरच्या-खालच्या दर्जावर न ठेवता परस्परांच्या माणूसपणावर ठेवावा. आणि त्यासाठी समोरच्या कोणासही 'आनाता' हे एकच सर्वनाम वापरावे. हेतू उदात्त होता. आज सत्तर वर्षे उलटली, तरी आपल्या शिक्षकास किंवा अधिकाऱ्यास 'आनाता' म्हणणारा माणूस असंस्कृतच समजला जातो. लोक सर्वनाम टाळतात आणि 'सेन्सेइ' किंवा नाव-हुद्दा घेऊन वाक्य पुरे करतात. आपल्या मुलांनी पाठ्यपुस्तकातील पहिल्या धड्यात शिकलेले 'आनाता' शक्यतो पुस्तकातच ठेवावे.

यानंतर ऐकण्याविषयी. बोलण्याच्या शिष्टाचारात ऐकण्याचा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. जपानात दोन माणसे बोलत असली तर ऐकणारा क्षणभर गप्प बसत नाही. 'हाइ', 'एए', 'सो देसु का' असे त्याचे मध्येमध्ये चालू असते, मानही हलत असते. याला 'आइझुची' म्हणतात. हा शब्द लोहाराच्या भट्टीतून आला आहे. तापलेल्या लोखंडावर उस्ताद एक घाव घालतो आणि समोरचा शागीर्द त्याच तालावर दुसरा. दोघांचे घण पाळीपाळीने पडले तरच पाते घडते. ऐकणाऱ्याचा घाव चुकला की बोलणाऱ्याचे वाक्यही अडते. आपली आजी गोष्ट सांगताना 'हं म्हण, नाहीतर मी थांबले' असे बजावीत असे. तो हुंकार आणि ही आइझुची यांत फरक एवढाच की, तो गोष्टीपुरता होता आणि ही सर्व व्यवहाराला व्यापून आहे. मात्र येथे एक गोष्ट नीट ध्यानी धरली पाहिजे. हा 'हाइ' म्हणजे 'ऐकले' असा आहे, 'मान्य आहे' असा नव्हे. समोरचा माणूस अर्धा तास 'हाइ, हाइ' म्हणत होता, म्हणून काम झाले असे समजून उठणारे परदेशी लोक पुष्कळ आहेत.

यावरून आम्ही आजच्या भाषणाच्या मुख्य भागाशी आलो, आणि येथे थोडे थांबू. आमचा एक जुना विद्यार्थी तिकडच्या एका कंपनीत आहे; कंपनीचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. ज्या कामासाठी आपल्याला घेतले ते काम दुसऱ्या विभागात आहे, तेव्हा तेथे बदली मिळावी, अशी विनंती त्याने वरिष्ठास केली. वरिष्ठाने दातांतून श्वास आत ओढला, मान एका बाजूस कलविली, आणि 'चोत्तो मुझुकाशी देसु ने... केन्तो शिमासु' असे म्हटले. म्हणजे, 'थोडे कठीण आहे, नाही का... विचार करून पाहतो.' विद्यार्थी आनंदाने घरी आला. त्याच सुमारास दुसरीकडून नोकरीचे बोलावणे आले होते, ते त्याने नाकारले. आठ महिने वाट पाहिली. शेवटी शेजारच्या मेजावरील जपानी सहकाऱ्याने त्याला हळूच सांगितले की, तुला नकार पहिल्याच दिवशी मिळाला होता. त्याने आम्हांस रागारागाने लिहिले की, मास्तर, हे लोक तोंडावर गोड आणि आतून खोटे आहेत.

मुलाचे आठ महिने गेले, एक नोकरी गेली. त्याचा राग आम्ही हलका लेखीत नाही. परंतु 'खोटे' हा शब्द आम्ही मान्य केला नाही. आपल्या ज्ञातीच्या वधूवर मेळाव्यात बसणाऱ्या मंडळींस आम्ही विचारतो की, स्थळास नकार द्यावयाचा झाला तर आपण काय कळवितो? 'पत्रिका जुळत नाही.' मुलीचा बाप उलट टपाली कोणता ग्रह आड आला असे विचारतो काय? विचारीत नाही. त्याला कळलेले असते, कळविणाऱ्यालाही ते ठाऊक असते, आणि पुढल्या लग्नात दोघे एकाच पंगतीस शेजारी बसू शकतात. मुलीच्या रूपाविषयी किंवा घराण्याविषयी एक अक्षर कोठे उमटले नाही, एवढ्यासाठी ग्रहांना थोडा बोल लावला गेला. यात कोणी कोणास फसविले? फसेल तो एखादा परका, ज्याला हा संकेत माहीत नाही आणि जो पंचांग घेऊन धावत येईल. आमचा विद्यार्थी पंचांग घेऊन बसला होता.

जपानी लोक याला दोन शब्द वापरतात. 'होन्ने' म्हणजे मनातला खरा सूर, आणि 'तातेमाए' म्हणजे बाहेर मांडलेली बाजू. हा दुसरा शब्द घर उभारताना लाकडाचा सांगाडा उभा करण्याच्या कामावरून आला. सांगाडा खोटा नसतो; त्यावर छप्पर टाकतात. या दोहोंत अंतर असणे हे तेथे दांभिकपणाचे लक्षण मानीत नाहीत. अंतर न ओळखणे हा मात्र दोष मानतात, आणि तो दोष ऐकणाऱ्याचा मानतात. आपल्याकडे 'मला स्पष्ट सांगितले नाही' ही तक्रार बोलणाऱ्याविरुद्ध होते. तेथे 'त्याला उमगले नाही' ही तक्रार ऐकणाऱ्याविरुद्ध होते. जो मंडळींच्या मनातला वारा ओळखीत नाही त्याला 'हवा न वाचता येणारा' असे म्हणतात, आणि ही शिवी शाळकरी पोरेही एकमेकांस देतात. गंमत अशी की, 'नाही' या अर्थाचा त्यांचा सरळ शब्द 'इइए' हा तुमची कोणी स्तुती केली असता तुमच्याच तोंडून सर्वांत अधिक निघावा लागतो. परक्याने दोन वाक्ये जपानी बोलली की लगेच 'आपली भाषा फार छान आहे' असे म्हणतात. त्यावर 'इइए, इइए' म्हणून हात हलवावा आणि भाषा अजून पुष्कळ शिकावयाची आहे हे मनात ओळखावे.

क्योटोविषयी या बाबतीत एक प्रसिद्ध कथा आहे. पाहुणा बराच वेळ बसला की घरची बाई म्हणते, 'थोडा बुबुझुके घेता काय?' बुबुझुके म्हणजे भातावर गरम चहा ओतून केलेला साधा पदार्थ. याचा अर्थ, आता उठा. जो 'आणा' म्हणतो तो खेडवळ ठरतो. यावर त्यांच्या कथाकथनाच्या रंगमंचावर एक जुनी विनोदी गोष्टही आहे. क्योटोची माणसे मात्र शपथेवर सांगतात की, असे आम्ही कधी कोणास म्हटलेले नाही. बाहेरच्यांनी आमच्यावर रचलेली ही थट्टा आहे. पुण्याच्या लोकांस या दुःखाची कल्पना यावी.

मग जपानात 'नाही' म्हणतच नाहीत काय? म्हणतात, पण त्याची वेळ आणि जागा ठरलेली आहे. मोठे झाड एका जागेहून दुसरीकडे हलवावयाचे असले तर जपानी माळी काही महिने आधीपासून मुळांभोवती खणतो, जाड मुळे छाटतो, आणि बारीक मुळे फुटू देतो. या कामास 'नेमावाशी' म्हणतात, आणि कचेरीतही हाच शब्द चालतो. सभेच्या आधी प्रत्येकाच्या मेजाशी जाऊन, चहा पिता पिता, एकेकाचे मत काढून घ्यावयाचे. विरोध असेल तर तो तेथे, दोघांत, बोलला जातो. सभा भरते तेव्हा झाड हलविणे तेवढे उरते. सभेत उठून जोरदार हरकत घेणारा आपला हुशार मुलगा एकटा पडतो तो त्याची हरकत चुकीची असते म्हणून नव्हे. तो मुळे छाटावयाच्या वेळी गप्प होता आणि झाड उचलावयाच्या वेळी बोलला म्हणून. संध्याकाळच्या बैठकीत, पेल्यासमोर, 'आज शिष्टाचार रजेवर' असे जाहीर करण्याचीही एक जुनी चाल आहे. तिच्यावर फार विसंबू नये. रजेवर गेलेला शिष्टाचार दुसऱ्या दिवशी सकाळी हजर होतो आणि काल कोण काय बोलले हे त्याला आठवत असते.

इतके गुणवर्णन झाल्यावर, या रीतीने जपानचे नुकसान कोठे झाले तेही सांगणे आमचे कर्तव्य आहे. ज्या ठिकाणी कोणीतरी मोठ्याने 'हे करू नका' म्हणावयास हवे तेथे ही रीत घातक ठरते. एप्रिल १९४५ मध्ये 'यामातो' ही प्रचंड युद्धनौका विमानांच्या संरक्षणाविना ओकिनावाकडे पाठविली गेली. जाणत्या अधिकाऱ्यांस हिशेब कळत होता. ७ एप्रिलला ती बुडाली आणि तिच्यावरील अडीच हजारांहून अधिक माणसे मेली. शिचिहेइ यामामोतो या लेखकाने १९७७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या पुस्तकात याची चिकित्सा केली आहे. त्याचे म्हणणे असे की, निर्णय आकड्यांनी झाला नाही. बैठकीतल्या हवेने झाला, आणि त्या हवेच्या विरुद्ध बोलण्यास कोणी धजला नाही. ज्या 'हवा वाचण्याचे' आपण आता कौतुक केले, तीच ही हवा.

हे युद्धातले म्हणून सोडून देता येत नाही. ११ मार्च २०११ रोजी भूकंप होऊन समुद्र चढला आणि फुकुशिमाचे अणुवीज केंद्र निकामी झाले. त्या वीज कंपनीच्या स्वतःच्या गणितात २००८ सालीच १५.७ मीटरपर्यंतच्या लाटेची शक्यता निघाली होती. उपाय मात्र पुढे ढकलले गेले. संसदेने नेमलेल्या चौकशी समितीने जुलै २०१२ मध्ये हा अपघात मानवनिर्मित ठरविला. समितीचे अध्यक्ष कियोशी कुरोकावा यांनी अहवालाच्या इंग्रजी आवृत्तीच्या प्रास्ताविकात लिहिले की, याची मुळे जपानी माणसाच्या सवयींत आहेत: वरिष्ठास प्रश्न न विचारणे, मुकाट्याने आज्ञा पाळणे, गट सोडून न बोलणे. यावर टीकाही झाली, आणि ती आम्हांस पटते. संस्कृतीला दोषी धरले की माणसे सुटतात. संरक्षक भिंतीचा खर्च पुढे ढकलणारे हात काही शिष्टाचाराचे नव्हते. तथापि त्या हातांस अडविणारा आवाज वर का पोहोचला नाही, या प्रश्नाचे उत्तर देताना वरिष्ठासमोर जीभ आवरण्याच्या या सवयीचे नाव घ्यावेच लागते. २०१७ साली जपानात वर्षाचा गाजलेला शब्द म्हणून 'सोन्ताकु' निवडला गेला. सरकारी जमीन एका शिक्षणसंस्थेस फारच स्वस्तात विकल्याच्या प्रकरणात तो सर्वांच्या तोंडी झाला. वरिष्ठाने आज्ञा न करताच त्याच्या मनातले ओळखून हाताखालच्याने ते करून टाकणे, असा त्याचा अर्थ. पाहुण्याचा पेला रिकामा होण्याआधी भरणारी जी नजर, तीच नजर सरकारी कागदावर पडली म्हणजे काय होते, हे त्या वर्षी जपानी लोकांनीच आपसांत बोलून दाखविले.

यावर त्यांचाच एक उतारा आहे, आणि शुश्रूषेच्या कामास जाणाऱ्या मुलींनी तो आधी पाठ करावा. कचेऱ्यांतून 'होरेन्सो' असा एक शब्द शिकवितात. होकोकु म्हणजे वृत्त देणे, रेन्राकु म्हणजे संबंधितांस कळविणे, सोदान म्हणजे सल्ला विचारणे. या तिघांची आद्याक्षरे जोडून तो बनला. 'होरेन्सो' या शब्दाचा नेहमीचा अर्थ मात्र पालकाची भाजी. मराठीतही पालक शब्दास दोन अर्थ आहेत आणि त्यांपैकी एक या सभागृहात बहुसंख्येने बसला आहे, तेव्हा हा शब्द विसरण्याचे कारण नाही. रुग्ण आजोबा पडले, औषधाची वेळ चुकली, यंत्र बिघडले, तर तेथे लाजणे, संकोचणे, हवा वाचणे काही नाही. त्याच क्षणी वरिष्ठास सांगावयाचे. वाईट बातमी लवकर सांगणे हाही तेथे शिष्टाचारच आहे, आणि जी मुलगी नम्रतेच्या समजुतीने गप्प राहील ती दोषी ठरेल. विनंती नाकारताना शब्द आवरावा आणि धोका सांगताना तो मोकळा सोडावा. दोन्ही जिभा एकाच तोंडात बाळगणे कठीण आहे, पण जे तेथे टिकतात ते हेच शिकलेले असतात.

आता काही किरकोळ गोष्टी. नावाचे पत्रक दोन्ही हातांनी घ्यावे, वाचावे, आणि बोलणे चालू असेपर्यंत मेजावर समोर ठेवावे. मागल्या खिशात घालून त्यावर बसू नये. आगगाडीत दूरध्वनीवर बोलू नये. खोलीत दारापासून दूरची जागा मानाची, तेव्हा आपण होऊन तेथे जाऊन बसू नये. आभाराविषयी मात्र दोन शब्द अधिक सांगतो. आपल्यात जवळच्या माणसाचे आभार मानले तर तो रागावतो. 'परका समजलास काय?' म्हणतो. आपला मुलगा त्याच वळणावर जातो. जपानी माणूस जेवावयास घालतो. मुलगा खाऊन, हसून घरी येतो. पुढल्या भेटीत विषयही काढीत नाही. जपानी रीत अशी की, पुन्हा भेट होताच पहिल्या वाक्यात 'त्या दिवशीबद्दल आभार' असे म्हणावयाचे, मग त्याला आठवडा झालेला असो की महिना. ते राहिले तर कोणी काही बोलणार नाही. कोणी काही बोलणार नाही, हीच तर अडचण आहे.

हे सर्व परक्यास जमेल काय, अशी शंका काही चेहऱ्यांवर दिसते. टोकियोच्या एदोगावा भागात, जेथे पुष्कळ भारतीय कुटुंबे राहतात, तेथील स्थानिक सभेवर २०१९ साली योगेंद्र पुराणिक हे मूळचे मराठी गृहस्थ निवडून आले. जपानी नागरिकत्व घेऊन, अनोळखी मतदारांपुढे त्यांच्याच भाषेत उभे राहून त्यांनी मते मागितली. मते मागणे ही बोलण्याची परीक्षा असते, आणि ती जपानी मतदारांनी घेतली होती.

नित्याच्या वाक्यांची एक यादी आम्ही देवनागरीत लिहून चिटणिसांकडे दिली आहे. ज्यांना हवी असेल त्यांनी त्यांच्याकडून उतरून घ्यावी. पालकांस आणखी एक सूचना. मूल तिकडे जाऊन सहा-आठ महिने झाले की, दूरध्वनीवर तुम्ही बोलत असताना पलीकडून सारखे 'हं, हं, हो का, हं' असे येऊ लागेल. ते आपले बोलणे टाळते आहे असे समजून कोणी मातेने डोळ्यांना पदर लावू नये. ते लोहाराच्या घणासारखे तुमच्या बोलण्याला ताल देत आहे. मात्र त्या 'हो'मध्ये तुमची सूचना मान्य झाली असेही समजू नये. विशेषतः लग्नाचा विषय असेल तर पुन्हा एकदा विचारून घ्यावे.

 कोणास काही विचारावयाचे असल्यास आम्ही चहाच्या वेळी मागल्या ओसरीवर सापडू.